मुख्य पात्र कोण? सरळ रेषेत न चालणारा माहितीपट रचताना आणि त्यासाठी पैसे जमवताना

पिचिंगच्या, म्हणजे पैसे देणाऱ्यांसमोर फिल्मची कल्पना मांडण्याच्या, टेबलापलीकडच्या बाईंनी चष्मा काढून खाली ठेवला आणि विचारलं, "पण तुमचं मुख्य पात्र कोण?"

"डबे," मी म्हणाले.

फिल्म लालबागमधल्या एका पिठाच्या गिरणीवर होती. आत शिरलं की डाव्या हाताला लाकडी फळ्यांची मांडणी आणि तिच्यावर दळणाला आलेले डबे. स्टीलचे, पत्र्याचे, एखादा रंग उडालेला तुपाचा. झाकणाखाली चिठ्ठी: 'गहू ५, बारीक', 'भाजणी, उद्या सकाळी'. गिरणीवाले काका चिठ्ठी नंतर वाचतात. डब्याला पोचा कुठे आहे त्यावरून घर आधी ओळखतात. अकरा डबे, अकरा घरं, एवढीच माझ्या फिल्मची मांडणी. टेबलावर मिळालेल्या सात मिनिटांतली पाच मी या डब्यांच्या कौतुकात घालवली आणि हात हलवत परत आले.

दोन वर्षांनी तीच फिल्म, तेच डबे घेऊन दुसऱ्या टेबलावर बसले, तेव्हा पैसे मिळाले. मधल्या काळात रचना तीच राहिली होती, फक्त तिचा हिशेब मांडायला मी शिकले होते. आपल्याकडे 'माहितीपट कसा रचावा' आणि 'फंड कसा मिळवावा' अशा दोन वेगळ्या कार्यशाळा होतात, आणि मला वाटतं घोटाळा तिथेच सुरू होतो. रचना ठरली की शूटिंगचे दिवस ठरतात, एडिटचे महिने ठरतात, कोणाचं दार वाजवायचं तेही बरंचसं ठरतं. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये दोन्ही गोष्टी मिसळूनच सांगते.

पायरी १: आठ दिवस शूट करा, मग आकाराचं बोला

घरी बसून 'मी नॉन-लिनिअर, म्हणजे सरळ रेषेत न चालणारी, फिल्म करणार' असं ठरवू नका. वेगळा आकार हा विषयाच्या गरजेतून यावा लागतो. गरज कळायला हातात थोडं फुटेज लागतं. पाच ते आठ दिवस पुरतात. कॅमेरा साधा चालेल, आवाज मात्र नीट घ्या.

रोज रात्री लॉगिंग, म्हणजे दिवसभराच्या चित्रणाची नोंद, करा. प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड, आणि कार्डावर 'काय घडलं' याऐवजी 'हे पाहून बघणाऱ्याला नवीन काय कळलं' ते लिहा. ही सवय लावून घेतली की निम्मं फुटेज गळून पडतं. 'काका पट्टा बसवतात' हे कार्ड निरुपयोगी. 'काकांना पट्टा सुटणार हे आवाजावरून आधीच कळतं' हे कार्ड कामाचं.

आठ दिवसांनी भिंतीवरच्या कार्डांसमोर उभं राहून स्वतःला विचारा: माझ्या कॅमेऱ्यासमोर काही बदलणार आहे का? कोर्टाचा खटला, निवडणूक, मासेमारीचा एखादा हंगाम, असं काही असेल तर सरळ रेषेतली गोष्टच करा, त्यात कमीपणा नाही. सर्वनीक कौर यांचा 'अगेन्स्ट द टाइड' मुंबईच्या दोन कोळी मित्रांची गोष्ट सांगतो. एक किनाऱ्यालगत जुन्या पद्धतीने मासे धरणारा, दुसरा खोल समुद्रात मोठी बोट नेणारा. त्यांच्यातला ताण काळाबरोबर वाढतो, त्यामुळे त्याला काळाच्या ओघातच सांगणं शोभतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. त्यासाठी चौकटी मोडाव्या लागल्या नाहीत.

पण समोर काही बदलतच नसेल, रोज तेच घडत असेल, तर वर्तुळ किंवा यादी. घटना घडून गेली असेल आणि तिचं चित्रण नसेल, तर पत्रं, जुनं फुटेज किंवा पुनर्निर्मिती. सत्य कोणाचं यावरच वाद असेल, तर अनेक आवाज. हे कोष्टक डोक्यात ठेवा, त्याच्या आहारी जाऊ नका.

माझ्या गिरणीत आठ दिवस काहीच 'घडलं' नाही. दळण येत होतं, जात होतं. सहाव्या दिवशी मी कॅमेरा स्टँडवर ठेवून चहाला गेले आणि परत येऊन फ्रेम पाहिली तेव्हा लक्षात आलं, मांडणीची सर्वांत वरची फळी रिकामी आहे. समोरची चाळ पुनर्विकासाला गेली होती, माणसं बिल्डरकडून भाडं घेऊन विरार, बदलापूरकडे पांगली होती आणि त्यांचे डबे येणं बंद झालं होतं. काका म्हणाले, "त्या फळीवर आता मी वर्तमानपत्र ठेवतो." फिल्म तिथे सापडली. ती काकांवर असणार नव्हती, फळीवर असणार होती.

पायरी २: आकार निवडा, आणि निवडतानाच त्याची किंमत बघा

*यादी.* एक नियम ठरवायचा आणि फिल्मभर पाळायचा. आपल्याकडचा उत्तम दाखला एस. एन. एस. शास्त्री यांचा 'आय ॲम ट्वेंटी'. १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनने, म्हणजे मुंबईत पेडर रोडवर असलेल्या सरकारी माहितीपट संस्थेने, केलेली ही फिल्म स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या, म्हणजे तेव्हा विशीत आलेल्या तरुण-तरुणींना बोलतं करते. एवढा एकच नियम, आणि त्यातून सगळा देश बोलतो. यादीचा फायदा असा की एखादं पात्र मध्येच माघार घेऊन गेलं तरी फिल्म कोसळत नाही. शूटिंगचे दिवस कमी लागतात. पण एडिटला जास्त वेळ जातो, कारण अकरा डब्यांपैकी कोणता कधी हे कुठलंच कॅलेंडर तुम्हाला सांगत नाही.

मला यादीचा क्रम सापडला तो जात्यावरच्या ओव्यांत. 'पहिली माझी ओवी', 'दुसरी माझी ओवी' असं मोजत जाणारी बाई कोणतीही गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांगत नाही. एक ओवी भावाची, पुढची सासरची, पुढची विठोबाची. तरी दळण संपेपर्यंत तिचं अख्खं घर आपल्यासमोर उभं राहतं, कारण मोजणी चालू असते आणि जात्याची घरघर चालू असते. जातं गेलं, गिरणी आली, ओवी बंद पडली. माझ्या फिल्ममध्ये मी फक्त मोजणी परत आणली. हे वाक्य नंतर प्रस्तावात जसंच्या तसं गेलं आणि परीक्षकांपैकी दोघांनी त्यावरच प्रश्न विचारले.

*कीर्तन.* हा आकार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की आपण त्याला रचना म्हणून मोजतच नाही. पूर्वरंगात एक अभंग घेऊन निरूपण, मग उत्तररंगात त्याच विचारावर आख्यान. बाहेरची मंडळी ज्याला निबंधपट (गोष्टीऐवजी विचार मांडत जाणारी फिल्म) म्हणतात त्याच्या पुढे जाणारी ही सोय आहे: पहिला अर्धा भाग विचार, दुसरा अर्धा भाग एकाच माणसाची गोष्ट, आणि ती गोष्ट ऐकताना आधीचा विचार मागे तंबोऱ्यासारखा वाजत राहतो. मुंबईच्या पाणीपुरवठ्यावर फिल्म करायची असेल तर पहिली पंचवीस मिनिटं तलाव, जलवाहिन्या, टँकर आणि वेळापत्रकं. उरलेली पंचवीस मिनिटं पहाटे चारला नळासमोर हंडा लावणारी एकच बाई. दुसऱ्या भागात पाण्याचा एकही आकडा सांगावा लागणार नाही. खर्चाच्या दृष्टीने हा आकार मध्यम. संशोधनाला पैसे ठेवा, नाहीतर पूर्वरंग पोकळ होतो. आणि नमनाला घडाभर तेल जाळू नका, ही सूचना इथे अगदी शब्दशः लागू.

*गाणं कणा.* आनंद पटवर्धन यांचा २०११ चा 'जय भीम कॉम्रेड' घाटकोपरच्या रमाबाई नगरातल्या १९९७ च्या पोलीस गोळीबारापासून आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेल्या आत्महत्येपासून निघतो. १४ वर्षं चित्रण चाललं. फिल्ममध्ये युक्तिवाद पुढे नेण्याचं काम बरंचसं गाणी करतात, निवेदकाचा आवाज नव्हे. असा आकार कोणी तीन वर्षांच्या ग्रांटमध्ये बसवू म्हणेल तर त्याला थांबवा. इथे पैशापेक्षा वर्षं लागतात, आणि वर्षांसाठी कोणी चेक देत नाही. स्वतःचा कॅमेरा आणि पोटापाण्याचं दुसरं काम हाताशी असेल तरच या वाटेला जा.

*कल्पित चौकट.* मधुश्री दत्ता यांच्या २००६ च्या 'सेव्हन आयलंड्स अँड अ मेट्रो'मध्ये मंटो आणि इस्मत चुगताई हे उर्दू लेखक मुंबईबद्दल वाद घालतात. वाद काल्पनिक, शहर खरं. पायल कपाडिया यांच्या 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग'मध्ये 'एल' नावाच्या विद्यार्थिनीची पत्रं फिल्म पुढे नेतात. ती विद्यार्थिनी कल्पित आहे, पण सोबतचं विद्यार्थी आंदोलनाचं चित्रण खरं. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात या फिल्मला सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. हा आकार मोहात पाडतो, कारण पत्रं लिहायला पैसे लागत नाहीत. पण ती लिहायला लेखक लागतो! दिग्दर्शकाने रात्री जागून लिहिलेली 'काव्यमय' पत्रं मी परीक्षक म्हणून वाचली आहेत. बजेटमध्ये लेखकाची ओळ घाला. आणि कल्पित काय, खरं काय, हे फंड देणाऱ्याला पहिल्याच पानावर सांगा. मागाहून कळलं तर फसवणूक वाटते.

*जुनं फुटेज.* इथे शूटिंग जवळपास नाही, तरीही फिल्म महाग पडू शकते. हक्काची फी सेकंदांवर किंवा मिनिटांवर आकारली जाते आणि फक्त महोत्सवांसाठी, की टीव्ही-ओटीटीसाठी, किती वर्षांसाठी, किती देशांसाठी, यावर ती बदलते. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली, तेव्हा पेडर रोडच्या त्या खजिन्यासाठी आता एनएफडीसीकडेच अर्ज करायचा. कच्च्या एडिटला कमी दर्जाची प्रत मागून घ्या, आणि अंतिम लांबी ठरेपर्यंत हक्क विकत घेऊ नका. घरगुती संग्रहांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. गिरणगावातल्या कुठल्याही जुन्या घरात माळ्यावर लग्नाची व्हीएचएस कॅसेट सापडते, आणि वरातीच्या मागे उभी असलेली जी चाळ आज नाही ती त्यात दिसते.

अनेक आवाजांची रचना, उलट्या क्रमाची, एका दिवसाची, यांच्याबद्दल भरपूर लिहून झालेलं आहे. एवढंच सांगते: 'शहराचा एक दिवस' ही कल्पना आता इतकी वापरून गुळगुळीत झाली आहे की परीक्षक पहाटेची लोकल दिसली की पान उलटतात.

पायरी ३: कागदावर कापा, मग सात मिनिटं दाखवा

कार्डं जमिनीवर पसरा आणि तीन वेगळ्या क्रमांनी लावा. प्रत्येक क्रमाचा फोटो काढा. मग प्रत्येक क्रम एखाद्या मित्राला तोंडी सांगा, कागद न बघता. जिथे 'म्हणजे ना, त्याच्या आधी एक राहिलं' असं म्हणावं लागतं, तिथे रचना तुटलेली आहे.

यानंतर सँपल, म्हणजे फिल्मचा नमुन्यादाखल तुकडा, कापा. पाच ते दहा मिनिटं. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे ट्रेलर करणं: ढोल, जलद कट, मोठी अक्षरं. ट्रेलर फिल्म विकतो, सँपल फिल्म कशी चालणार ते दाखवतो. माझ्या पहिल्या सँपलमध्ये सगळे अकरा डबे तीस-तीस सेकंद होते. दुसऱ्यात फक्त दोन. एक डबा पूर्ण चार मिनिटं, मग काही सेकंद रिकामी फळी, मग दुसरा डबा सुरू. बघणाऱ्याला तिसरा हवासा वाटला की सँपलचं काम झालं.

आपल्याकडचं सर्वांत जुनं सँपलही याच धाटणीचं आहे, आणि तेही मुंबईतच तयार झालं. दादासाहेब फाळक्यांना १९१२ मध्ये कथापटासाठी भांडवल हवं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत त्याचं रोप वाढताना पडद्यावर दाखवलं, 'अंकुराची वाढ'. पौराणिक कथेचा एकही प्रसंग त्यात नव्हता. पैसेवाल्याला हवी होती ती खात्री त्या वाटाण्याने दिली: या माणसाला हे यंत्र चालवता येतं आणि याच्याकडे धीर आहे. कर्ज मिळालं.

सँपल तीन प्रकारच्या लोकांना दाखवा: विषयातला एक, सिनेमातला एक, दोन्हींतला नसलेला एक. 'आवडलं का' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'तुम्ही काय पाहिलंत ते मला सांगा' म्हणा आणि गप्प बसा.

पायरी ४: बजेटमध्ये रचना दिसली पाहिजे

आकड्यांशिवाय हे पटत नाही, म्हणून माझाच हिशेब उघड करते. दर माझ्या छोट्या टीमचे आहेत. तुमचे वेगळे असतील.

गिरणीवर दोन प्रकारे फिल्म होऊ शकली असती. पहिला प्रकार: पुनर्विकासात अडकलेल्या एका कुटुंबाचा दोन वर्षं पाठलाग. किमान ७५ दिवस शूट, कारण बिल्डरची बैठक कधी होईल ते कोणालाच माहीत नसतं. कॅमेरा, साउंड, प्रवास, जेवण धरून दिवसाला १८,००० म्हणजे १३,५०,०००. एडिट पाच महिने, महिना ८०,००० प्रमाणे ४,००,०००. एकूण १७,५०,०००.

दुसरा प्रकार, डब्यांचा: ३० दिवस शूट, म्हणजे ५,४०,०००. एडिट सात महिने, ५,६०,०००. एकूण ११,००,०००. साडेसहा लाखांचा फरक केवळ रचनेने पाडला. ही तुलना मी प्रस्तावाला एका परिच्छेदात जोडली. 'हा आकार मला आवडतो' या वाक्याला कोणी पैसे देत नाही. 'या आकारामुळे शूटिंगचे ४५ दिवस वाचतात आणि त्यातला काही भाग मी एडिटला देते आहे' हे वाक्य हिशेब तपासणाऱ्यालाही कळतं.

बाकीच्या ओळी: संशोधन १,२०,०००, साउंड डिझाइन आणि मिक्सिंग २,००,०००, कलर १,००,०००, सबटायटल ६०,०००, हार्ड डिस्क ६०,०००, वकील आणि सीए ९०,०००, माझं मानधन १८ महिने, महिना २०,००० म्हणजे ३,६०,०००. बेरीज २०,९०,०००, वर १० टक्के आकस्मिक खर्च, म्हणजे सुमारे २३ लाख.

दोन ओळींवर अडून राहा. एक, स्वतःचं मानधन. ते शून्य दाखवलं तर परीक्षकांना त्याग वाटत नाही, अननुभव वाटतो. दुसरी, डिस्क: प्रत्येक फुटेजच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात. लालबाग-परळच्या तळमजल्यांवर जुलै महिन्यात पाणी शिरतं, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

पायरी ५: कोणाचं दार कशासाठी

एकाच संस्थेकडून सगळे पैसे येतील ही आशा सोडा. तीन-चार ठिकाणचे तुकडे जोडून फिल्म होते.

संशोधन आणि सुरुवातीसाठी बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स बघा. कलेशी निगडित प्रकल्पांना ती अनुदान देते आणि अर्ज भारतीय भाषांतही घेते, म्हणजे मराठीत लिहिता येतं. इंग्रजीत कसंबसं लिहिलेल्या प्रस्तावापेक्षा खणखणीत मराठी प्रस्ताव कधीही बरा.

पिचिंगचा सराव आणि ओळखी यांसाठी कोलकात्याचं डॉकएज, आणि नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाबरोबर गोव्यात भरणारा एनएफडीसीचा फिल्म बाजार (आता 'वेव्हज फिल्म बाजार'). घराजवळ म्हणाल तर मिफ: १९९० पासून दर दोन वर्षांनी मुंबईत होणारा माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा महोत्सव. २०२४ च्या अठराव्या मिफमध्ये पहिल्यांदा डॉक फिल्म बाजारही भरला. पहिल्या वर्षी विकायला जाऊ नका, ऐकायला जा. दुसऱ्यांची पिच ऐकून जेवढं कळतं तेवढं स्वतःची करून कळत नाही.

परदेशी फंडांत ॲमस्टरडॅमचा इडफा बर्था फंड आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा भागांतल्या दिग्दर्शकांसाठी आहे. सनडान्सचा डॉक्युमेंटरी फंड आणि बुसानचा एशियन सिनेमा फंड हेही बघावेत. या मंडळींना वेगळ्या रचनेची भीती वाटत नाही, उलट हौस असते. तिथे अडचण दुसरी: 'पुनर्विकास', 'पागडी', 'खोली' हे शब्द समजावून सांगण्यात तुमचं अर्धं पान जातं. ते जाऊ द्या, पण एकदाच.

सरकारी पैसा म्हणजे कंटाळवाणी फिल्म, हा समज सरसकट खरा नाही. १९६७-६८ च्या सुमारास पेडर रोडच्या त्याच सरकारी इमारतीतून प्रमोद पती यांचा 'एक्सप्लोरर' निघाला. निवेदन नाही, झपाट्याचे कट, डोळ्यांवर आदळणारी चित्रं. आजही महोत्सवांत तो प्रायोगिक म्हणून दाखवतात. जाँ भावनगरींसारखा माणूस फिल्म्स डिव्हिजनचा सल्लागार होता, त्याने दिग्दर्शकांना मोकळीक दिली. संस्थेच्या नावाआधी तिथे निवड कोण करतंय ते शोधून काढा, असा याचा व्यावहारिक अर्थ.

कंपन्यांचा सीएसआर: २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि त्या यादीत कला-संस्कृती आहे. पण हा पैसा साधारणपणे नोंदणीकृत ट्रस्ट किंवा तत्सम संस्थेमार्फतच येतो, तुमच्या बचत खात्यात नाही. शिवाय शेवटच्या कटच्या आदल्या रात्री कोणीतरी 'आमच्या उपक्रमाचं एक दृश्य' मागतंच. तयारी असेल तर जा.

लोकवर्गणीचा सर्वांत मोठा दाखला माहितीपटाचा नाही: १९७६ च्या 'मंथन'ला गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले. पण तिथे सहकारी संस्था आधीपासून उभी होती. तुमच्या विषयाभोवती अशी जमलेली माणसं असतील तरच वर्गणी काढा.

पायरी ६: रचनेचं एक पान

प्रस्तावात सारांश, ट्रीटमेंट (फिल्म कशी दिसेल, कशी ऐकू येईल त्याचं वर्णन), दिग्दर्शकाचं मनोगत, वेळापत्रक, बजेट हे सगळं लागतंच. नमुने सगळीकडे मिळतात. मी भर देते ती एका वेगळ्या पानावर, 'ही फिल्म कशी चालते' या मथळ्याखाली. विशेषणं बंद. एक तुकडा मिनिटागणिक सांगायचा. माझ्या पानावरचा भाग असा होता:

'पडद्यावर आकडा: चार. पत्र्याचा डबा, कडेला पोचा. काका झाकण उघडून हात घालतात, ज्वारी नाकाजवळ नेतात. आवाज: गिरणी थांबलेली, बाहेर रिक्षा. डब्याच्या घरी जातो. आजी भाकरी थापते, नातू ब्रेड खातो. ती सांगते, मुलगा विरारला घर बघतोय. तिथे गिरणी आहे का हे तिने त्याला तीनदा विचारलंय. पीठ संपल्यावर डबा परत फळीवर येतो. पुढच्या वेळी चार हा आकडा आला की फळी रिकामी असेल.'

शंभर शब्दही नाहीत, पण यात नियम आहे, पात्र आहे, वेळ पुढे सरकतो आहे आणि शेवट कसा होणार त्याची चाहूल आहे. 'मुख्य पात्र कोण' हा प्रश्न या पानानंतर मला कोणी विचारला नाही. रक्कम आणि ती कशासाठी हवी तेही याच पानाच्या तळाशी लिहा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही.

पायरी ७: करार, आणि परदेशी पैशाचं प्रकरण

एकदा मी एका वाहिनीसाठी फिल्म केली होती. करारात '५२ मिनिटं' आणि 'वाहिनीच्या संपादकीय गरजेनुसार बदल' असे शब्द होते. मी ते वाचले आणि सोडून दिले. प्रसारणाच्या आधी भारदस्त आवाजातलं निवेदन वरून चढवलं गेलं. माझ्या फिल्ममधल्या शांततेच्या जागा कोणीतरी सांडून दिलेल्या माहितीने भरल्या. कायद्याने माझ्याकडे बोलायला जागाच नव्हती. तेव्हापासून तीन कलमं मी बोट ठेवून वाचते: अंतिम कट कोणाचा, लांबी नेमकी की 'इतकी ते इतकी', आणि हप्ते कशावर. शेवटचा हप्ता 'मंजुरीनंतर' असेल तर 'किती दिवसांत मंजुरी' हे लिहून घ्या.

परदेशी अनुदानावर २०१० चा परकीय अंशदान कायदा, म्हणजे एफसीआरए, लागू होऊ शकतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. म्हणजे 'ओळखीच्या एनजीओच्या खात्यात घेऊ, मग बघू' ही जुनी वाट धरू नका. सहनिर्मिती, प्रसारणहक्कांची आगाऊ विक्री, सेवेचं बिल हे व्यवहार वेगळ्या पद्धतीने बघितले जातात. कोणता तुम्हाला लागू पडतो ते हा कायदा जाणणाऱ्या सीएला विचारा, आणि अर्ज करण्याआधी विचारा. पैसे मंजूर झाल्यावर विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं. व्यावसायिक मानधनावर सहसा १० टक्के टीडीएस कापला जातो, सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, या दोन गोष्टीही बजेट करतानाच धरा.

पायरी ८: परवानग्या, थोडक्यात

स्टेशनवर किंवा गाडीत चित्रण असेल तर पश्चिम किंवा मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे वेळेत अर्ज. सरकारी जागांसाठी गोरेगाव फिल्मसिटीच्या महामंडळाची एक खिडकी योजना. माणसांच्या संमतीपत्राची मराठी प्रत करा, ती मोठ्याने वाचून दाखवा आणि 'नंतर नको वाटलं तर कधीपर्यंत सांगायचं' ही तारीख त्यात घाला. यादीच्या रचनेत एक डबा वगळता येतो, म्हणून ही मुभा देणं मला परवडलं. एका माणसावरच फिल्म असेल तर ही तारीख शूटिंगच्या आधीच येऊ द्या.

पायरी ९: कच्चा कट विषयाच्या घरी दाखवा

६२ मिनिटांचा कट तयार झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन गिरणीत गेले. दुपारची वेळ, पट्टा बंद. काकांनी मांडणीला टेकून सगळी फिल्म उभ्याने पाहिली. मग म्हणाले, "नववा डबा आपला नाही."

खरं होतं. नववं घर ऐनवेळी हुकलं होतं, म्हणून तो डबा मी परळच्या दुसऱ्या गिरणीतून आणून याच फळीवर ठेवून शूट केला होता. फंडवाल्यांना कळलं नव्हतं, एडिटरलाही नाही. काकांना पोचा ओळखीचा वाटला नाही.

चार मिनिटं काढली. फिल्म ५८ झाली, पडद्यावर आठनंतर थेट दहा येतं, आणि करारात '६० ते ७५ मिनिटं' लिहिलेलं होतं. फंडला ईमेल केला: काय काढलं, का काढलं, नवी लांबी किती. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. चालेल, पण सुधारित वेळापत्रक शुक्रवारपर्यंत पाठवा.